आधी वाच, मग दाब

कॉम्प्युटरवर एखादी चौकट उघडली की मी ती आधी मोठ्यानं वाचते. मग तिचा अर्थ आमच्या बोलीत स्वतःला सांगते, आणि त्यानंतरच बटण दाबते. चंद्रपूरच्या वसतिगृहातल्या मुली याला हसतात. हसू देत. ज्यांनी मला ही सवय लावली त्या जनगामबाई इथं असत्या तर त्यांनी या मुलींनाही वाचायला लावलं असतं, आणि मुलींनी मुकाट्यानं वाचलं असतं.

बाईंबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा गावच्या तलावात मासे धरतात, पाणी आटलं की मजुरीला जातात. तालुक्याच्या सावली गावी कॉलेजात पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत होते. मागून आवाज आला, "काऊन वो, हात धुतले नाई का?"

धुतले जी, मी म्हटलं.

"मंग ठेव ना त्याच्यावर. तो चावत नाई. चुकलं तर उलट विचारते, खरंच करू का म्हणून. माणसं एवढं विचारत नाई."

बाई शिक्षक नव्हत्या. त्या लॅब अटेंडंट होत्या. शिकवायला सर आठवड्यातून दोनदा मूल गावाहून बसनं यायचे, बाकीचे दिवस लॅब बाईंची. बुटक्या, सुती पातळ नेसलेल्या, आणि चष्म्याची एक काडी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं बांधलेली. तो दोरा मीच आणून दिला होता. बाबांच्या जाळ्यातला उरलेला. बाईंनी त्यातून आधी लॅबमधल्या सगळ्या वायरी बांधून घेतल्या, इतक्या नीट की कुठली वायर कुठून कुठे जाते ते आंधळ्यालाही चाचपून कळावं. उरलेल्या वीतभर तुकड्यानं चष्मा बांधला.

लॅब म्हणजे ग्रंथालयामागची लांबट खोली. बारा मशीन, सगळी जुनी, दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजानं वापरून सोडलेली. चपला दाराबाहेर काढायच्या, त्याही मशीनच्या नंबरानं ओळीत. प्रत्येक मशीनला बाईंनी आपल्या जुन्या पातळांची कव्हरं शिवली होती. पाच नंबरला हिरवं चौकडीचं, सातला निळं, आंब्याच्या काठाचं. मी सातवर बसायचे. बाईंना नावं लक्षात राहत नसत, की त्या ठेवत नसत, कोण जाणे. त्या आम्हाला मशीनच्या नंबरानं हाक मारायच्या. बाजारात भेटल्या तरी, "काय वो सातनंबर, माय बरी आहे का?" आईला वाटायचं हा माझा परीक्षेतला नंबर आहे, आणि तिला त्याचा अभिमान होता.

बाई सिरोंच्याकडच्या. घरची भाषा तेलुगू, शाळा दहावीपर्यंत. इंग्रजी त्या कॉम्प्युटरच्या चौकटींवरून शिकल्या. त्यांच्याकडे एक जाड वही होती. पडद्यावर नवीन चौकट आली की त्या ती जशीच्या तशी पेनानं वहीत काढायच्या, बटणांसकट, आणि कोणाकडून तरी अर्थ विचारून खाली आपल्या शब्दांत लिहायच्या. एका पानावर लिहिलेलं मला आठवतं: 'तो म्हणते का जागा भरली, काहीतरी फेका.' त्यामुळे बाईंचं इंग्रजी सगळं चौकटींमधलं होतं. एखादी मुलगी मला आज लवकर जायचंय म्हणाली की बाई चष्म्यावरून पाहायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "आर यू शुअर?" आणि काय सांगू, खोटं कारण असलं की तिथंच गळून पडायचं. एकदा प्राचार्य सर लॅबमधल्या दोन खुर्च्या ऑफिसात न्यायला सांगत होते, तेव्हाही बाईंनी हेच विचारलं. खुर्च्या राहिल्या.

त्यांचा नियम एकच होता: आधी वाच, मग दाब. आणि दुसरा, तो नियम नव्हे, वळण म्हणा: उठताना मशीन नीट बंद करायचं, कव्हर घालायचं, मगच उठायचं. तीन वर्षांत कोणाही पोरीनं किंवा पोरानं चालू मशीन सोडून दिलेलं मी पाहिलं नाही. हे वळण पुढे आम्हाला कुठे नेणार होतं हे तेव्हा बाईंनाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी संगणकावर नकाशे काढायचा नवा विषय आला. प्रत्येकानं आपापल्या गावचा नकाशा करायचा, शेत, नाला, तलाव सगळं. त्याचं सॉफ्टवेअर मोठं. आमच्या मशीनवर टाकून पाहिलं तर पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. दोन्ही कॉलेजं चालवणाऱ्या संस्थेनं कळवलं की सावलीच्या विद्यार्थ्यांनी या विषयाच्या प्रात्यक्षिकाला दर आठवड्याला दोन दिवस चंद्रपूरच्या कॉलेजात यावं.

सावलीहून चंद्रपूर तसं दूर नाही. पण मी सावलीलाच दोन कोस आतल्या गावाहून यायचे. सकाळची बस, संध्याकाळची परतीची बस, त्यापुढे चालणं, आणि दोन दिवस म्हणजे मधला मुक्काम. कुठे राहायचं? आम्ही वर्गात बारा जण, त्यात सात मुली. तिघींच्या घरून त्याच दिवशी नाही आलं. माझ्या आईनं नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "दोन वर्षं झाली ना? तेवढं पुरते." मला ते नाहीपेक्षा जास्त लागलं.

 दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बाईंनी एकेकीला विचारून घेतलं, तुझ्या घरी काय म्हणाले. सात जणींची सात उत्तरं ऐकली. मग म्हणाल्या, "थांबा. कोणी विषयातून नाव काढाले जाऊ नका. मी पाहते."

त्यांनी काय पाहिलं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. ऑफिसात बोरकुटेबाबू क्लार्क. प्रवेशाचं काम अडलं की ते चंद्रपूरच्या कॉलेजातल्या राऊत सरांना फोन करायचे, आणि राऊत सर तिथूनच बाबूंच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन दुरुस्ती करायचे. पहिल्यांदा पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप फिरायला लागला तेव्हा बाबू खुर्ची मागं सरकवून उभे राहिले होते. बाई त्या वेळी तिथं हजेरीचा कागद द्यायला गेल्या होत्या. त्या घाबरल्या नाहीत. बाणाकडे बघत राहिल्या. तो कुठे जातो, काय उघडतो, शेवटी कसा थांबतो. हे मी पाहिलेलं नाही, बाबूंनी आम्हाला दहा वेळा तरी सांगितलं आहे.

ते बाईंच्या डोक्यात राहिलं असणार. कारण त्या दिवशी त्यांनी राऊत सरांना फोन लावला आणि सरळ विचारलं, "सर, तुम्ही तिथून इथी येता. मंग आमची पोरं इथून तिथी येऊ शकते का? तुमचं मोठं मशीन तिथीच राहू द्या. आम्ही फक्त त्यात येऊन काम करतो आन् निघतो."

 राऊत सर म्हणाले, येता येईल बाई. पण मोठ्या मशीनवर बारा खाती मी काढून देईन, तुमच्याकडच्या बारा मशीनचं मात्र तुम्हाला करावं लागेल, मला यायला सवड नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी वाचते.

प्राचार्यांनी परवानगी दिली, पण अट घालून. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती लॅब बघायला येणार होती. तिच्यासमोर बाराच्या बारा मशीन पूर्ण तीन तास चालली तर विषय सावलीत राहील. नाही चालली तर चंद्रपूर. म्हणजे आमच्यापैकी निम्म्यांसाठी काहीच नाही.

बाईंनी राऊत सरांनी पाठवलेलं दूरच्या मशीनला जोडणारं सॉफ्टवेअर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, पेनड्राइव्हवर टाकलं आणि एक नंबरपासून सुरुवात केली. आम्ही भोवती उभे. प्रत्येक चौकट कोणीतरी वाचायची आणि बाई तिचा अर्थ सांगायच्या. तो म्हणते, मी तुमच्या मशीनमध्ये बदल करू का. "आपणच बोलावलं ना त्याले? मंग करू दे." पुढे मोठ्या मशीनचा पत्ता टाकायचा, मग खात्याचं नाव. पासवर्ड लक्षात ठेवू का, असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "नाई म्हण. तो आपल्या लक्षात राह्यला पायजे. त्याच्या लक्षात राह्यला तर तुह्या जागेवर जो बसेल तो तू होते."

मग सेटिंगं. सावलीची इंटरनेटची लाइन बारीक, म्हणून त्यांनी पडद्याचा आकार लहान केला, रंग कमी केले, मागचं चित्र काढलं, तिकडचा आवाज बंद केला. "तिथी आपण गाणं ऐकाले नाई चाललो. नकाशा दिसला म्हणजे झालं." इथला पेनड्राइव्ह तिथं दिसू द्यायचा का, अशी एक खूण होती. बाईंनी तिचं भाषांतर केलं, "पिशवी सोबत नेऊ का म्हणते. ने. काम करून वापस आणाले लागते ना."

आणि जोडायचं बटण दाबल्यावर ती चौकट आली. इंग्रजी बरीच होती, मला अर्धी कळली. समोरच्या मशीनची ओळख पटत नाही, तरी जोडू का, असं काहीतरी. माझ्या शेजारची म्हणाली, हो करा ना बाई, आपल्याच संस्थेचं तर आहे. बाईंनी हात मागं घेतला.

"आपण त्याले ओळखतो का?"

"चंद्रपूरचंच असल ना जी."

"असल वेगळं, आहे वेगळं."

त्या चौकटीत आत कुठे तरी त्या मशीनच्या ओळखीची लांबलचक ओळ होती, अक्षरं आणि आकडे मिसळलेले. बाईंनी राऊत सरांना फोन लावून सांगितलं, तुमच्याकडे ही ओळ दिसत असल, ती वाचा. सर हसले, म्हणाले, बाई, कोणीच हे तपासत नाही. बाई म्हणाल्या, वाचा जी. मग सरांनी ती पूर्ण वाचली, बाईंनी वहीत उतरवली, एकेका अक्षराखाली टिंब देत पडद्याशी जुळवली. तेव्हाच हो दाबलं. पुढच्या अकरा मशीनवर वहीतली तीच ओळ अकरा वेळा जुळवली. त्यात दुपार गेली. आम्हाला तेव्हा कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण पुढच्याच महिन्यात बोरकुटेबाबूंना कोणाचा तरी फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद पडणार आहे, मोबाइलमध्ये हे एक ॲप टाका आणि त्यावर येणारा नऊ आकडी नंबर सांगा. बाबू घामाघूम होऊन ॲप टाकत होते. बाई चहाचे कप घ्यायला आत गेल्या, त्यांनी मोबाइलचा पडदा पाहिला. काही न विचारता फोन बाबूंच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुमी आम्हाले दिसत नाई आन् आमचं सगळं तुमाले दिसणार. आम्ही तुमाले ओळखतो का?" पलीकडचा माणूस हिंदीत जोरजोरात बोलायला लागला, मैडम, हम बैंक से हैं. बाईंनी ऐकून घेतलं. "आर यू शुअर?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाबू नंतर बरेच दिवस बाईंचा चहा स्वतः आणून देत होते.

पहिल्यांदा जोडलं गेलं तो दिवस सांगायचा राहिला. मशीन वेळ घ्यायला लागलं की बाई तेलुगूत आकडे मोजायच्या, ओठांतल्या ओठांत, ओकटी, रेंडू, मूडू, विसापर्यंत. त्याआधी कोणी काही दाबायचं नाही. त्या दिवशी पडदा काळा झाला, बाई मोजत राहिल्या, आणि काळ्यातून चंद्रपूरचं मशीन वर आलं. माझ्या सात नंबरवर मी आमच्या गावचा तलाव उघडला. वरून काढलेलं चित्र. बाबा जिथून डोंगा पाण्यात ढकलतात ते टोक मला ओळखू आलं. बाईंनी ते पाहिलं, पदर सारखा केला आणि स्टुलावर जाऊन बसल्या. 

समिती शनिवारी सकाळी दहाला येणार होती. शुक्रवारी दुपारी आम्ही बाराही जण एकदम काम करून पाहत होतो. सव्वातीन वाजले. माझी बस साडेतीनची. माझं काम झालं होतं, मी जपून ठेवलं, आणि तीन वर्षांच्या वळणानं उठण्याआधी मशीन बंद केलं. एक चौकट आली. मी ती वाचली नाही. दाबलं.

लॅबमध्ये एकदम बारा ठिकाणी बारा पडदे रिकामे झाले. जोडणी तुटली, अशी चौकट सगळीकडे. पाच नंबरवरचा मुलगा ओरडला, "अबे, माहा नाला गेला!" तो तासभर नाला काढत होता.

मी माझं मशीन बंद केलं नव्हतं. मी चंद्रपूरचं मशीन बंद केलं होतं. साठेक किलोमीटरवरच्या कुलूपबंद खोलीतलं, आणि ते आता इथून कोणी चालू करू शकत नव्हतं. राऊत सरांनी घाईघाईत आमच्या खात्यांना सगळे अधिकार देऊन ठेवले होते, त्यात हाही होता.

बाईंनी विचारलं, कोणी केलं. मी उभी राहिले.  मला दिसत होतं की सात मुलींचा विषय माझ्या एका बोटानं गेला.

"चौकट आली होती का?"

"आली होती जी."

"वाचली का?"

मी मान हलवली. नाही.

 बाई म्हणाल्या, "न वाचल्याची चूक तुही. पण उठताना बंद कराचं वळण माहं. मीच लावलं, आन् हे वेगळं आहे ते सांगितलंच नाई. बस खाली. बस गेली तर जाऊ दे, पुढची आहे."

राऊत सर सुट्टीवर होते, वरोऱ्याला लग्नात. बाजाच्या आवाजात त्यांनी सांगितलं की खोलीची किल्ली चौकीदार पोचमभाऊंकडे असते, पण ते मशीनला हात लावणार नाहीत. मागे एकदा साफसफाई करताना वायर निघाली आणि कोणीतरी त्यांना फार बोललं, तेव्हापासून ते त्या खोलीत झाडूही दारातूनच मारतात. सरांनी नंबर दिला.

बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला. पोचमभाऊ मराठीत म्हणाले, "नाई मॅडम. मी त्याले हात नाई लावत. सर सोमवारी येते, तवा पाहा." बोलणं संपल्यासारखंच होतं. बाईंनी मात्र त्यांच्या बोलण्यात काहीतरी ऐकलं. त्या एकदम तेलुगूत बोलायला लागल्या. आम्हाला काही कळलं नाही. पलीकडून आधी प्रश्न, मग बाईंनी एका गावाचं नाव घेतलं, त्यांनी दुसऱ्या गावाचं, आणि पोचमभाऊ हसले. नंतर बाईंनी सांगितलं की दोघांची गावं गोदावरीच्या एकाच काठाची, मध्ये एक नाला फक्त.

मग काम सुरू झालं. कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाई अधूनमधून आमच्यासाठी मराठीत सांगत होत्या: चपला बाहेर काढल्या, दिवा लावला, भिंतीवरचं बटण चालू आहे म्हणते, काळं उभं खोकं दिसलं. खोक्यावर काय लिहिलंय ते पोचमभाऊंना वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनी काय दिसतं ते विचारलं. किती दिवे, कोणता जळते, बटण गोल का चौकोनी. ते सांगायचे, बाई वहीच्या मागच्या पानावर चित्र काढायच्या. खोकं पुरतं काढून झालं तेव्हा त्यातल्या एका गोलावर पेन ठेवून त्या म्हणाल्या, "नोक्कू."

दाबा, म्हणजे.

पलीकडून काही आवाज आला नाही. ते बोट पुढं करून थांबले असावेत. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी काहीतरी हळू म्हटलं, मी नंतर विचारलं तेव्हा सांगितलं: बिघडलं तर माझं नाव सांगा, मी सांगितलं म्हणून दाबलं म्हणा.

फोनमधून घूं असा पंख्याचा आवाज आला. बाई मोजायला लागल्या. आम्हीही मोजत होतो, बारा जण, तेलुगूत, तोपर्यंत विसापर्यंत आम्हाला पाठ झालं होतं.

"वच्चिंदा?" बाईंनी विचारलं. आलं का?

"वच्चिंदी, अक्का."

बाईंनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "सातनंबर, तू बस. पहिली तूच जा."

मी चौकट मोठ्यानं वाचली, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आत गेले.

त्या संध्याकाळी बाईंनी वहीत नवीन पान केलं. एका बाजूला बंद करायची चौकट काढली, दुसऱ्या बाजूला जोडणी सोडायची. मग आम्हाला विचारलं, पाहुणा दुसऱ्याच्या घरून निघताना घरचा दिवा मालवून, दार लावून निघतो का. आम्ही हसलो. "मंग? तो 'येतो' म्हणते आन् निघते. 'जातो'ही म्हणत नाई. तिथी तसंच कराचं. येतो म्हणाचं. तुमचं मांडलेलं तिथी तसंच राह्यते. बंद कराचं ते फक्त आपलं, इथलं." डिस्कनेक्टच्या चित्राखाली त्यांनी लिहिलं: 'येतो म्हणा.' आणि बाराही जणांकडून ते करवून घेतलं. नकाशा अर्धा काढायचा, येतो म्हणायचं, परत जायचं, अर्धा तसाच आहे की नाही ते बघायचं. राऊत सरांना फोन करून ते बंद करायचं बटण पोरांच्या खात्यांवरून काढायलाही सांगितलं. सर म्हणाले, सोमवारी काढतो, काढलं की शिकवायची गरज नाही. बाई म्हणाल्या, काढा, तरी शिकवते.

शनिवारी समितीत एक सर आणि एक मॅडम. मॅडम वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आमची खोकी पाहिली, पातळांची कव्हरं पाहिली, आणि बाईंना विचारलं, हे सॉफ्टवेअर या मशीनवर चालतं?

"चालत नाई जी," बाई म्हणाल्या. "चालते चंद्रपूरले. इथी दिसते."

प्राचार्य सर खोकले. मॅडमनी पुन्हा विचारलं, आणि ऐन परीक्षेत लाइन गेली तर? विद्यार्थ्याचं काम गेलं ना?

मला वाटलं आता बाई समजावून सांगतील. त्यांनी समजावलं नाही. सरळ माझ्याजवळ आल्या, सात नंबरच्या मागं हात घातला आणि जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली लाइनची वायर सोडवून उपसून काढली. माझा पडदा गेला. मी तलावाचा काठ काढत होते, रेघ मध्येच होती. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. बाईंनी वायर हातात धरून त्यांना पाहू दिली, परत बसवली, आणि म्हणाल्या, "वाच."

मी चौकट वाचली.  बाई मोजत होत्या. तेराला पडदा आला, आणि माझी रेघ जिथं सुटली होती तिथंच उभी होती. मी पुढची ओढली. मॅडम माझ्या मागं बराच वेळ उभ्या राहिल्या. तीन तास झाले, बारा मशीन चालली. निघताना मॅडमनी वही मागून घेतली आणि दाराशी उभ्या राहून पानं उलटत राहिल्या. बाईंना म्हणाल्या, ही कोणाची? बाई म्हणाल्या, लॅबची.

विषय सावलीत राहिला. आम्ही सातही जणी पास झालो. आईला मी निकाल सांगितला तेव्हा तिनं विचारलं, आता यापुढं काय असते? तोच प्रश्न मला हवा होता.

आता मी चंद्रपूरला एम.एस्सी. करते, त्याच कॉलेजात, जिथं ते काळं खोकं आहे. राऊत सरांनी मला कधीमधी त्या खोलीत काम करू दिलं आहे. गेल्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. सिरोंच्याला भावाकडे जायला निघाल्या तेव्हा बस बदलायला चंद्रपूरला उतरल्या आणि थेट कॉलेजात आल्या. एवढे दिवस रोज ज्यात जाऊन आले, ते एकदा पाहते म्हणाल्या.

दाराशी पोचमभाऊ उभे होते. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं. पोचमभाऊ म्हणाले, आवाजावरून वाटलं अक्का उंच असतील. बाई म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही म्हातारे असाल. मग दोघं तेलुगूत गेले आणि मी बाजूला झाले.

बाईंनी चपला बाहेर काढल्या, मीही काढल्या. आत खोकं घूं करत होतं. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, वाकून ते गोल बटण पाहिलं. बोट लावलं नाही. "एवढंच का?" म्हणाल्या. मग पिशवीतून कव्हर काढलं. लाल, बारीक बुट्ट्यांचं, त्यांचं लग्नानंतरचं पातळ, त्यांनीच सांगितलं. पाठीमागून पूर्ण उघडं शिवलं होतं, पंख्याला हवा लागावी म्हणून, आणि पुढं बटणाच्या जागी गोल भोक, काठ दुमडून टीप मारलेलं. मापं कुठून घेतली म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, पोचमभाऊनं फोनवर सांगितली, दोरीनं मोजून.

कव्हर बरोबर बसलं. पडद्यावर सावलीची बारा खाती दिसत होती, नवीन बॅच काम करत होती. बाईंनी खाली वाकून सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "आता कोण बसते वो याच्यावर?" मला माहीत नव्हतं. "राहू दे," म्हणाल्या, "वाचत असल म्हणजे झालं."

बस स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. खिडकीची जागा मिळाली. माझ्या तोंडून निघालं, बाई, आता तुम्ही जाता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि मला वाटलं आता विचारतील, आर यू शुअर. पण त्यांनी ते विचारलं नाही. बस सुटली तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून फक्त म्हणाल्या, "येते वो, सातनंबर."